उलट्या तोंडाचे दोन शंकू

संपादकांना कोकणातल्या भातशेतीतल्या नव्या अवजारांवर लेख हवा होता. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका वर्कशॉपमध्ये भातातलं तण काढायचा कोनो वीडर पाहिला आणि बाकीची अवजारं मागे पडली.

भाताच्या ओळींत ढकलायचं फिरतं कोळपं जपानमध्ये नाकाई ताइचिरो यांनी 1892 मध्ये बनवलं. शंकूंचा हा अवतार फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेतला. जुनं कोळपं सारखं पुढे-मागे करावं लागतं. कोनो वीडर नुसता ढकलत न्यायचा. टोक कापलेले, दातेरी पात्यांचे दोन शंकू एकामागे एक, पण उलट्या तोंडांनी बसवलेले असतात. शंकू फिरताना त्याची रुंद कडा अरुंद कडेपेक्षा जास्त अंतर कापते, त्यामुळे चिखल घासला जातो. मागचा शंकू तोच चिखल उलट दिशेने घासतो. तण उपटून तिथेच गाडलं जातं.

वर्कशॉपच्या मिस्त्रींचं सगळं लक्ष मात्र पुढच्या पत्र्याच्या तरंगीवर. ती वर बांधली की शंकू रुततात, खाली बांधली की चिखलावरून नुसते घसरतात. एकेक भोक सरकवत ते खाचरात उतरतात. चाचणीची रीत साधी: एक चौरस मीटरची चौकट टाकून तण आधी मोजायचं, फेरी झाल्यावर पुन्हा मोजायचं, भाताचे किती चूड दुखावले तेही पाहायचं. ‘‘आधी मोजा. नंतर सगळेच खूश असतात,’’ ते म्हणाले. किती दम लागतो ते कळावं म्हणून ढकलणाऱ्याची नाडीही मोजतात. बेणणी बहुतेक बायका करतात, म्हणून दांड्याची उंची त्यांच्याच हातात देऊन ठरवायची, हा मिस्त्रींचा हट्ट.

अडचण यंत्राबाहेर आहे. वीडरला सरळ ओळ लागते, आणि लावणी अजून बऱ्याच ठिकाणी अंदाजाने होते. भात लावणीच्या चारसूत्री पद्धतीत ओळी 15 आणि 25 सेंटिमीटरवर आलटून-पालटून असतात. वीडरला वाट मिळते ती 25 च्या पट्ट्यातच. दोन चुडांमधलं तण शेवटी हातानेच काढायचं. खाचरात पाणी आटलं की चिखल घट्ट होतो, ढकलताना खांदे भरून येतात. वेळ चुकली, तण मोठं झालं, की पाती त्यात गुरफटतात. डोंगरउतारावरच्या चिंचोळ्या खाचरांत तर वळवण्यातच दमछाक.

पावसाच्या घाईत सरळ ओळींसाठी दोरी धरून लावणी करायला जास्तीची माणसं लागतात, आणि ती मिळत नाहीत म्हणूनच तर यंत्र घ्यायचं असतं. हा पेच तरंगीचं भोक बदलून सुटणारा नाही. वीडर वाटणाऱ्यांनी बेणणीच्या आधी, लावणीच्याच दिवशी शेतावर हजर राहायला हवं.