सुईपासून सुटका, विषाणूला आवर

मार्च २०१४मध्ये रशियाने क्रिमिया ताब्यात घेतला, तेव्हा तिथले सुमारे ८०० रुग्ण सरकारी केंद्रांतून मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेत होते. हेरॉइनसारख्या पदार्थांच्या व्यसनावरची ही औषधे. रशियात मेथाडोनच्या उपचाराला कायद्याने बंदी असल्याने काही महिन्यांतच तिथली सेवा बंद पडली. जानेवारी २०१५मध्ये संयुक्त राष्ट्रांचे एड्सविषयक विशेष दूत मिशेल कझाचकिन यांनी त्यांपैकी ८० ते १०० रुग्ण दगावल्याचा अंदाज जाहीर केला. कारणे मुख्यतः दोन : अमली पदार्थाची अतिमात्रा आणि आत्महत्या.

यांतले मेथाडोन नेमके काय करते? हेरॉइन, म्हणजे आपल्याकडे गर्द म्हणून ओळखला जाणारा पदार्थ, मेंदूतल्या ओपिऑइड ग्राहींना चिकटतो. त्याचा अंमल चार-सहा तासांत उतरतो. मग अंग मोडून येते, नाका-डोळ्यांतून पाणी वाहते, उलट्या-जुलाब सुरू होतात. मुंबईत व्यसनी माणसे याला ‘टर्की’ म्हणतात. त्या यातनेत समोर दिसेल ती सुई टोचून घेतली जाते, मग ती दुसऱ्याची का असेना. सुईत उरलेल्या रक्ताच्या थेंबातून एचआयव्ही पुढच्या शरीरात जातो.

मेथाडोनही त्याच ग्राहींवर बसते, पण ते तोंडाने घेतात, त्याचा परिणाम हळू चढतो आणि दिवसभर टिकतो. योग्य मात्रा बसली, की नशेची लाट येत नाही, टर्कीही येत नाही. वर हेरॉइन घेतले, तरी त्याचा प्रभाव बोथट होतो. माणूस कामावर जाऊ शकतो, घरी जेवू शकतो. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत व्हिन्सेंट डोल आणि मेरी निस्वँडर यांनी हा उपचार उभा केला आणि १९६५मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध जपूनच द्यावे लागते. सुरुवातीची मात्रा चुकली तर श्वास थांबू शकतो. म्हणून ते थोड्या मात्रेने सुरू करून देखरेखीखाली वाढवतात.

या उपचाराचा एचआयव्हीवर होणारा परिणाम २०१२मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मधल्या एकत्रित विश्लेषणाने दाखवला : इंजेक्शन घेणाऱ्यांमध्ये नव्या लागणीचा धोका सुमारे ५४ टक्क्यांनी कमी आढळला. ज्यांना आधीच लागण झाली आहे, त्यांचाही फायदा होतो. रोज औषधासाठी केंद्रात येणाऱ्याला त्याच खिडकीवर एचआयव्हीची गोळी देता येते, रक्ततपासणी आणि क्षयाची चाचणीही करता येते.

मात्र व्यसनाचे आणि एचआयव्हीचे असे दोन्ही उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी एकमेकांशी बोलले पाहिजे. एचआयव्हीवरची नेव्हिरापिन आणि एफाविरेन्झ, तसेच क्षयावरचे रिफाम्पिसिन, ही औषधे यकृतातल्या विकरांना चेतवतात. त्यामुळे मेथाडोन शरीरातून लवकर नाहीसे होते आणि चांगला सावरलेला रुग्ण पुन्हा टर्कीत ढकलला जातो. त्याला वाटते, नवी गोळीच बाधली. तो ती बंद करतो, किंवा परत सुईकडे वळतो. उपाय साधा आहे : मेथाडोनची मात्रा वाढवायची. आता सर्रास वापरल्या जाणाऱ्या डोल्युटेग्राविरमुळे असा अडथळा सहसा येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्येच मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन ही दोन्ही अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. भारतात राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून मुख्यतः ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या जिभेखाली ठेवायला देतात. २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक नशेसाठी इंजेक्शन घेतात. २०१७च्या सरकारी आकडेवारीनुसार त्यांच्यातले एचआयव्हीचे प्रमाण सहा टक्क्यांहून अधिक होते, तर देशातल्या सर्व प्रौढांमध्ये ते ०.२२ टक्के होते.

‘एक नशा सोडवून दुसरी लावता,’ हा आक्षेप घरोघरी ऐकू येतो. पण मधुमेही माणूस वर्षानुवर्षे इन्सुलिन घेतो, तेव्हा त्याला कोणी व्यसनी म्हणत नाही. तुमच्या घरात, शेजारात कोणी सुईच्या विळख्यात असेल, तर त्याला कोंडू नका, हाकलू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयातल्या एआरटी केंद्रात (एचआयव्ही उपचार केंद्रात) किंवा व्यसनमुक्ती विभागात त्याच्याबरोबर जा आणि दोन्ही उपचारांविषयी विचारा. सुरू झालेले औषध मध्येच तुटू देऊ नका.