चंद्रसूर्याखाली धन नसतं

देगलूर तालुक्यात होट्टल, करडखेड, येरगी, तडखेल ही गावं अशी, की तिथे जुनं देऊळ, कोरीव खांब किंवा लेखाचा दगड नजरेस पडतोच. अशा दगडांभोवती पहिला समज उगवतो तो गुप्तधनाचा. दगडाच्या माथ्यावर चंद्र, सूर्य आणि वासराला पाजणारी गाय कोरलेली असते. खाली न कळणाऱ्या अक्षरांच्या ओळी. मग कुणीतरी जाणता सांगतो : ही धनाची खूण आहे, लिपी लागली की हंडा सापडला! अमावास्येला पहारी निघतात, पिंड उखडली जाते, नंदी बाजूला ढकलला जातो.

लिपी तर केव्हाच लागली आहे. अभ्यासक रित्ती आणि शेळके यांनी १९६८ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या शिलालेखांचं पुस्तकच प्रसिद्ध केलं. यातले बरेचसे लेख जुन्या कन्नडात आहेत, काही संस्कृतात. कल्याणीचे चालुक्य तेव्हाचे इथले राज्यकर्ते. त्यांची राजधानी, आजचं बसवकल्याण, इथून फार दूर नाही. लेखांत असतं काय? अमुक देवाच्या पूजेला, दिव्याच्या तेलाला, मठातल्या अन्नदानाला अमुक इतकी जमीन दिली. सरकारी दप्तरातला फेरफार वाचावा तसा रोखठोक मजकूर. चंद्रसूर्य म्हणजे मुदत : ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावं. आणि शेवटी बहुधा एक शाप : दिलेली जमीन जो बळकावेल तो साठ हजार वर्षं विष्ठेतला किडा होईल. म्हणजे धनाचा पत्ता म्हणून ज्या दगडाखाली खणलं जातं, त्यावर खरं तर देवाची मालमत्ता हडपणाऱ्याला तंबी लिहिलेली असते. ती कुणी वाचत नाही, हा भाग वेगळा. कायद्यालाही गुप्तधन नवं नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला, तर कलेक्टरला कळवावंच लागतं. दहा रुपये! त्या काळचे, अर्थात.

दुसरा समज गाईडपासून मास्तरांपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असतो : काळ्या दगडाचं, चुन्याशिवाय रचलेलं देऊळ म्हणजे हेमाडपंती. हेमाद्री, म्हणजेच हेमाडपंत, हा देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री, म्हणजे तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातला. होट्टलचं सिद्धेश्वराचं मंदिर चालुक्यांच्या अमदानीतलं, हेमाद्रीच्या पुष्कळ आधीचं. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा, म्हणजे इ.स. १०६० चा शिलाहारांचा लेख आहे. तरी तेही सर्रास हेमाडपंतीच. दगडात खाचा आणि कुसवं करून एकावर एक बसवायची रीत हेमाद्रीला आयती मिळाली, त्याने ती शोधली नाही. देवळाचा काळ ठरतो तो लेखातल्या शकावरून, राजाच्या नावावरून, खांबांच्या घडणीवरून, शिखराच्या धाटणीवरून. एका मंत्र्याच्या नावावर सगळं घातलं की दोन-तीनशे वर्षांचे कारागीर, सूत्रधार आणि दाते एका फटक्यात पुसले जातात. मला हा समज गुप्तधनाइतकाच महागात पडणारा वाटतो, कारण तो शिकलेल्यांचा आहे.

“मग कार्बन चाचणी करा की!” हेही ऐकू येतं. विलर्ड लिबी यांनी १९४९ मध्ये सिद्ध केलेली ही पद्धत कधीकाळी जिवंत असलेल्या वस्तूंना लागू होते : कोळसा, धान्य, हाड, लाकूड. दगडाला नाही. मराठवाड्यातल्या काळ्या दगडाचं वय भूशास्त्रज्ञांना विचारलं तर ते साडेसहा कोटी वर्षं सांगतील, पण त्याला छिन्नी कधी लागली हे त्यातून कळणार नाही.

आता खोलीबद्दल. जितकं खोल तितकं जुनं, हा नियम खोटा नाही, पण अर्धा आहे. वस्तीवर वस्ती होत जाते, जुना थर खाली राहतो, हे खरं. थरांची ही शिस्त भारतात रुजवली ती १९४४ मध्ये पुरातत्त्व खात्याचे महासंचालक झालेल्या मॉर्टिमर व्हीलर यांनी. पण माणसं खड्डेही खणतात. धान्याचं पेव घ्या : शंभर वर्षांपूर्वी कुणी पुरुषभर खोल पेव काढलं, त्याच्या तळाशी नाणं पडलं, तर ते सातवाहन काळातल्या खापरांच्या बरोबरीने सापडेल आणि तरी निजामाचंच असेल. उंदीर, घुशी आणि झाडांची मुळंही हीच उलथापालथ करतात. म्हणून उत्खननात खोलीइतकाच मातीचा रंग, पोत आणि खड्ड्याची कड पाहतात.

या शिस्तीवर सगळ्यात मोठा घाला मात्र चोर घालत नाहीत. गावालगतची पांढरी, म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड, राखेने आणि शेणामुताने कसदार झालेलं असतं. शेतकरी ती माती गाड्या भरून रानात टाकतो. त्याच्या बाजूने ते शहाणपणाचंच आहे; पण दोन हजार वर्षांचे थर एका उन्हाळ्यात काळीत मिसळून जातात.

वस्तू मौल्यवान असली की पुरे, थर कशाला, असं वाटत असेल तर प्रवरेकाठचं दायमाबाद आठवावं. १९७४ मध्ये तिथे एका गावकऱ्याला मुळं खणताना कांस्याचे हत्ती, गेंडा, म्हैस आणि बैलांचा रथ सापडला. वजन साठ किलोंच्या वर. पुढे पुरातत्त्वज्ञ साळी यांनी तिथे रीतसर उत्खननही केलं. पण रथ उत्खननात निघालाच नव्हता. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी तो उत्तर हडप्पा काळातला मानला; धातूतल्या आर्सेनिकच्या प्रमाणावर बोट ठेवून इतरांनी शंका घेतली. वजन मोजता आलं, धातू तपासता आला, घडण वाखाणता आली; काळाबद्दलचा वाद मात्र धातूच्या तपासणीने मिटला नाही, कारण रथाभोवतीची माती आधीच उपसली गेली होती.