पॅनेलच्या मागची दीड फूट जागा



शेड ताब्यात आली, लोन मंजूर झालं, मशीनचा ॲडव्हान्स गेला. मग एक दिवस सिव्हिलवाल्याचा फोन येतो, "साहेब, पॅनेलचा ओटा कुठं भरू?" आपण दहा कामांत असतो. सांगून टाकतो, "त्या कोपऱ्यात, भिंतीकडे सरकवून घ्या, जागा वाया जायला नको."

हे वाक्य मी स्वतः बोललोय. तेव्हा दुकानाच्या जोडीला मी छोटं वर्कशॉप सुरू करत होतो. बीबीएला शिकलेलं डोक्यात ताजं होतं: प्रत्येक चौरस फुटातून पैसा निघाला पाहिजे. पॅनेल २.४ मीटर लांबीचं, केबल मागून जोडायची. गवंड्यानं कॅटलॉगमधलं माप घेतलं, भिंतीपासून ६० सेंटीमीटर सोडून ओटा भरला. पॅनेल बसल्यावर कळलं, की मागची केबल बॉक्स आणि हँडल मिळून १५ सेंटीमीटर बाहेर येतात. राहिले ४५. म्हणजे दीड फूट. माणूस आडवा होऊन आत जातो, त्यामुळे कुणालाच काही खटकलं नाही. एका टोकाला मी खोक्यांचा रॅकही लावला.

आमचे वायरमन वयानं मोठे, सगळे त्यांना मामा म्हणतो. एक दिवस मागच्या बाजूचा एक जोड गरम होतोय म्हणून ते आत शिरले. फीडर बंद केला होता, पण मेन स्विचच्या वरची बाजू, जिथं महावितरणची केबल येते, ती चालूच होती. ती बंद करायची तर सगळं वर्कशॉप थांबवायला लागलं असतं, आणि "डिस्पॅच आहे, थांबवू नका" असं मीच म्हणालो होतो. पाना सटकला, भडका उडाला. मोकळ्या जागेत माणूस दोन पावलं मागं उडी मारतो. मामांच्या पाठीला भिंत होती. एका बाजूला रॅक. दुसऱ्या बाजूनं आडवं सरकत बाहेर यायला जेवढे सेकंद लागले, तेवढ्यात हात आणि मान भाजली. दोन महिने ते घरी होते. उजव्या हाताची मूठ अजून पूर्ण वळत नाही.

नंतर मी हिशोब केला. नियमाप्रमाणे मागं ७५ सेंटीमीटर ठेवायचे तर मला अजून ३० सेंटीमीटर लागले असते. ते गुणिले २.४ मीटर, म्हणजे पावणेआठ चौरस फूट. माझं भाडं तेव्हा चौरस फुटाला १५ रुपये होतं. महिन्याला ११६ रुपये वाचवत होतो मी.

आता तो नियम नीट बघा, कारण तो थोडा विचित्र वाटतो. पॅनेलच्या पुढं किमान १ मीटर मोकळी जागा हवी, हे सरळ आहे. मागं उघडी जोडणी असेल तर जागा २० सेंटीमीटरपेक्षा कमी ठेवा, नाहीतर ७५ पेक्षा जास्त. मधलं काही चालत नाही. का? २० मध्ये माणूस शिरूच शकत नाही. ७५ मध्ये शिरतो आणि वळून बाहेरही येतो. मधल्या मापात शिरतो, पण अडकतो. माझे ४५ नेमके त्या सापळ्यात बसले. आणि हे अंतर ओट्याच्या कडेपासून नाही, पॅनेलचा जो भाग सगळ्यात बाहेर येतो तिथून मोजायचं. मागची जागा ७५ च्या वर असेल तर तिथं जायला टोकाकडून १.८ मीटर उंचीपर्यंत मोकळी वाट हवी. हे १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांतही होतं, २०१० च्या केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या नियमांतही आलं. नवीन काही नाही, आपण वाचलेलं नसतं एवढंच.

शेडच्या भिंतीतून कॉलम बाहेर आलेला असतो, तोही धरा. पुढच्या १ मीटरमध्ये पॅलेट, मोटारसायकल, पाण्याचा जार काही नको. दार पूर्ण उघडून उरलेली जागा बघा.

ओट्याबद्दल. पॅनेलच्या पुढं ओट्याची चार बोटं कड सोडू नका. काम करणाऱ्याचा एक पाय वर, एक खाली राहतो आणि रबर मॅटही सपाट बसत नाही. पुढची कड पॅनेलच्या बरोबरीनं घ्या. केबल खालून येणार असेल तर तिला वळायला जागा लागते. साडेतीन कोअर २४० चौरस मिमीची आर्मर्ड केबल ५५ ते ६० मिमी जाड असते आणि तिचा बाक जाडीच्या निदान १२ पट धरतात, म्हणजे ७०० मिमीच्या आसपास. ट्रेंच उथळ असला की वायरमन केबल दाबून बसवतो आणि ग्लँड वर्षभरात बोलायला लागतो. अँकर बोल्टसाठी खाचे सोडा, लेव्हल झाल्यावर ग्राउट भरा. आणि क्युअरिंग! आपल्याकडे बहुतेक पोती पीपीसीची असतात, त्याला किमान १० दिवस ओल हवी. तिसऱ्या दिवशी त्यावर दीड टनाचा जनरेटर ठेवू नका. जनरेटरचा ओटा जमिनीच्या कोब्यापासून सुटा ठेवा, नाहीतर ऑफिसातला चहाचा कप नाचतो.

सांगली-कोल्हापूरकडची मंडळी म्हणतील, २०१९ आणि २०२१ चा पूर बघितलाय, आम्ही ओटा तीन फूट करणार. करा, पण फक्त पॅनेल उचलू नका. दोन मीटरचं पॅनेल तीन फुटांवर गेलं, की वरचं हँडल स्टुलावर चढल्याशिवाय हाताला येत नाही, आणि चालू पॅनेलसमोर स्टुलावर कुणी उभं राहू नये. पुढच्या मीटरसकट सगळा प्लॅटफॉर्मच उचला, पायऱ्या आणि कठडा द्या.

सगळं ठरवायला एक खडू पुरतो. शटरिंग लागायच्या आधी जमिनीवर पॅनेलचं खरं माप आखा, हँडल-केबल बॉक्ससकट. दाराच्या जागी पुठ्ठा धरा. मग ज्याला तिथं काम करायचंय त्याला बोलवा, मालकाला नाही.

मी माझा ओटा ब्रेकर लावून फोडला आणि पुढं घेऊन पुन्हा भरला. गेल्या महिन्यात एका मित्राच्या शेडवर खडू घेऊन गेलो, तेव्हा मामांना बरोबर नेलं होतं. ते रेघ आणि भिंतीच्या मध्ये गेले, दोन्ही कोपरं बाहेर काढली, जागेवर गिरकी घेतली आणि सिव्हिलवाल्याला म्हणाले, "अजून चार इंच पुढं घे."