पॅरिसचा संघ, जॉर्डनचा जोडा

पॅरिस सेंट जर्मेन या 1970 साली स्थापन झालेल्या फुटबॉल संघाने सप्टेंबर 2018 मध्ये नायकीच्या आधिपत्याखालील जॉर्डन ब्रँडशी रीतसर करार केला, तेव्हा बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन यांची ती सुप्रसिद्ध झेपावती आकृती फुटबॉल क्लबच्या गणवेशावर प्रथमच अंकित झाली. चॅम्पियन्स लीगच्या काळ्या-पांढऱ्या पोशाखांसोबत ‘एअर जॉर्डन 1’ व ‘एअर जॉर्डन 5’ या जोड्यांच्या विशेष आवृत्त्याही निघाल्या. पैकी दुसरा जोडा नायकीचे रचनाकार टिंकर हॅटफिल्ड यांनी द्वितीय महायुद्धातील लढाऊ विमानांपासून स्फूर्ती घेऊन 1990 साली मुळात बास्केटबॉलसाठी घडविलेला, आणि तो फुटबॉलच्या हिरवळीसाठी नव्हे, तर पॅरिसच्या रस्त्यांसाठी नव्याने सजविण्यातच या सहयोगाची खरी रसिकता आहे. 2021-22 च्या हंगामात ती आकृती संघाच्या घरच्या पोशाखावरही विराजमान झाली.