फोन पाण्यात पडला? आधी पाण्याचा स्वभाव समजून घ्या, तांदळाचा डबा नंतर शोधा

पावसाळा आला की मला सगळ्यात जास्त एकच प्रश्न विचारला जातो : "फोन भिजलाय, तांदळात किती तास ठेवू?" माझं उत्तर दरवेळी एकच असतं, तांदूळ भातासाठी ठेवा. पण नुसतं "ठेवू नका" म्हटलं की कुणाला पटत नाही, म्हणून आज जरा मुळापासून बघूया. पाणी फोनचं नुकसान का करतं, हे कळलं की पुढे काय करायचं ते आपोआप कळतं.

पाण्याचा रेणू म्हणजे एक ऑक्सिजन आणि दोन हायड्रोजन, हे शाळेत झालंय. महत्त्वाची गोष्ट ही की हे तिघं सरळ रेषेत उभे नसतात. दोन हायड्रोजनमध्ये साधारण १०४.५ अंशांचा कोन असतो. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढून घेतो, त्यामुळे त्याची बाजू थोडी ऋण आणि हायड्रोजनची बाजू थोडी धन होते. म्हणजे प्रत्येक रेणू हा एक छोटासा दोन टोकांचा चुंबक असल्यासारखा वागतो (खरा चुंबक नव्हे, विजेच्या भाराचा खेळ आहे). फोनला होणारा जवळपास सगळा त्रास इथूनच सुरू होतो.

पहिला परिणाम तुम्ही रोज बघता. भर पावसात स्टेशनवर यूपीआयचा पिन टाकायला जा, स्क्रीन वेड्यासारखी वागते. आपली टचस्क्रीन बोटाचा दाब मोजत नाही, काचेवरच्या विद्युत क्षेत्रात झालेला बदल मोजते. पाण्याचे दोन टोकांचे रेणू अशा क्षेत्राला भरपूर प्रतिसाद देतात, हवेच्या सुमारे ८० पट. त्यामुळे थेंब पडला तरी फोनला कुणीतरी बोट ठेवल्यासारखं वाटतं. स्क्रीन खराब झालेली नसते, पुसली की झालं.

पाण्यातून वीज जाते का?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. अगदी शुद्ध पाणी हे विजेचं खूपच वाईट वाहक आहे. वीज वाहून नेतात ते त्यात विरघळलेले क्षार. आणि पाणी क्षार इतक्या सहज का विरघळवतं? पुन्हा तेच, दोन टोकं. मिठातल्या धन आणि ऋण कणांना पाण्याचे रेणू चारी बाजूंनी घेरतात आणि वेगळं करतात. नळाचं पाणी शुद्ध पाण्यापेक्षा हजारो पट जास्त वीज वाहतं. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते तर जवळपास दहा लाख पट. म्हणून बादलीत पडलेला फोन आणि गणपतीपुळ्याच्या लाटेत पडलेला फोन, या दोन सारख्या घटना नाहीत. रंगपंचमीचं पाणी, चहा, उसाचा रस हेही साध्या पाण्यापेक्षा वाईटच.

आता खरा घात कसा होतो ते बघा. लोकांना वाटतं की पाणी गेलं, ठिणगी उडाली, फोन मेला. तसंही होतं कधी कधी. पण जास्त वेळा फोन दोन दिवस चालतो आणि तिसऱ्या दिवशी बंद पडतो. कारण फोनची बॅटरी असते साधारण ३.८ व्होल्टची आणि पाण्याचं विघटन सुरू व्हायला सिद्धांताने १.२३ व्होल्ट पुरतात. ओला बोर्ड चालू राहिला की तिथे रासायनिक प्रक्रिया सुरू होते. धन बाजूचं तांबं विरघळतं आणि ऋण बाजूला जाऊन बारीक फांद्यांसारखं साचतं. ही फांदी शेजारच्या टोकाला पोचली की शॉर्ट. रिपेअरवाले बोर्ड उघडून "कार्बन आलाय" म्हणतात ना, तो हिरवट-पांढरा थर बहुतेक वेळा याच गंजाचा असतो. त्याचा कोळशाशी संबंध नाही.

म्हणून पहिलं काम एकच : फोन बंद करा. "चालतोय का बघू" म्हणून सारखं चालू करणं हे सगळ्यात महागात पडतं. आणि चार्जर तर लावायचाच नाही. पोर्ट ओला असल्याची सूचना आली आणि तुम्ही ती बाजूला सारून केबल लावली, तर वरची सगळी प्रक्रिया तुम्ही स्वतः जोरात चालवताय.

तांदूळ का नको?

बोर्डावरच्या चिपखाली जेमतेम केसाएवढी फट असते. पाण्याचे रेणू एकमेकांना आणि पृष्ठभागाला घट्ट धरतात, त्यामुळे पाणी अशा फटीत स्वतःहून शिरतं आणि तिथेच बसतं. तांदूळ त्याला स्पर्शही करत नाही. शिवाय पाण्याची वाफ करायला खूप उष्णता लागते. खोलीच्या तापमानाला एका ग्रॅमला साधारण २,४०० जूल. ती उष्णता आजूबाजूच्या हवेतूनच मिळते, म्हणून वाहती हवा हवी, बंद डबा नको. अॅपलने २०२४ मध्ये आपल्या मदत पानावर स्पष्ट लिहिलं की आयफोन तांदळात ठेवू नका, त्याचे बारीक कण आत जाऊन नुकसान करू शकतात. त्यापेक्षा पोर्ट खाली करून तळहातावर हलकेच आपटा आणि पंख्याखाली ठेवा. हेअर ड्रायर नको, पोर्टमध्ये कापूस नको.

खाऱ्या पाण्यात पडला असेल तर? वॉटर-रेझिस्टंट फोन असेल तर आधी साध्या स्वच्छ पाण्याने धुवा. ऐकायला विचित्र वाटतं, पण पाणी वाळतं, मीठ मागेच राहतं आणि हवेतला ओलावा पुन्हा ओढत बसतं. साध्या फोनचं मात्र धुणं नको, बंद करून थेट रिपेअरवाल्याकडे न्या. तो बोर्ड आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करतो. हे अल्कोहोल पाण्यात मिसळतं, त्याचा पृष्ठताण पाण्याच्या जवळपास एक तृतीयांश असल्याने फटीत सहज शिरतं आणि चटकन उडून जातं.

"पण माझा फोन आयपी ६८ आहे!"

छान. पण आयपी ६७ म्हणजे १ मीटर पाण्यात ३० मिनिटं, आणि ६८ मध्ये खोली किती ते कंपनीच ठरवते. चाचणी होते गोड्या, स्थिर पाण्यात. बऱ्याच फोनमध्ये स्पीकर-माइकवर एक बारीक जाळी असते. तिची छिद्रं इतकी लहान असतात की हवा जाते, पण पृष्ठताणामुळे थेंब एकसंध राहतो आणि अडतो. पाण्यात साबण मिसळला की हा पृष्ठताण निम्म्याहून कमी होतो. आणि गरम पाण्याच्या वाफेचे तर सुटे रेणू असतात, ते हवेसारखेच आत जातात आणि आत थंड होऊन पाणी बनतात. त्यामुळे बाथरूममध्ये गाणी ऐकायची सवय असेल, तर फोन दाराबाहेर ठेवून आवाज वाढवा. वर्षभर वापरलेल्या, दोन-तीनदा पडलेल्या फोनचं सील नव्यासारखं धरून चालू नका.

वॉरंटीचंही सांगतो. बहुतेक फोनमध्ये एक छोटा पांढरा स्टिकर असतो, बऱ्याचदा सिम ट्रेच्या खाचेत. पाणी लागलं की तो लाल होतो, आणि बहुतेक कंपन्या पाण्याचं नुकसान वॉरंटीत धरत नाहीत, मग खोक्यावर आयपी ६८ छापलेलं असलं तरी. सेकंड हँड फोन घेताना टॉर्च मारून आधी तो स्टिकर बघा.