घोडा लंगडतो तेव्हा: आयसॉक्सुप्रिन

उभा असताना घोडा पुढचा एक पाय सारखा पुढे ठेवतो, चालताना टाच वाचवून खुराचं टोक आधी टेकवतो. जाणकार मोतद्दाराला शंका येते ती नॅव्हिक्युलरची. खुरात, टाचेच्या बाजूला, नावेच्या आकाराचं छोटं हाड असतं; दुखणं तिथलं.

त्या हाडाचा रक्तपुरवठा घटतो, या समजुतीतून 1980च्या दशकात आयसॉक्सुप्रिन घोड्यांना देऊ लागले. रक्तवाहिन्या रुंदावणारं हेच औषध अकाली प्रसूतिकळा थांबवायला गरोदर बायकांनाही दिलं जातं. मात्र 450 किलोच्या घोड्याला किलोमागे 0.6 मिलिग्रॅम धरलं, तर एका वेळेला 10 मिलिग्रॅमच्या 27 गोळ्या!

शिरेतून दिलं की नाडी धावते, घाम फुटतो. तोंडावाटे दिलेलं मात्र बरंचसं यकृतातच निकामी होतं. खुरातला रक्तप्रवाह त्यानं वाढल्याचं मोजमापात दिसलं नाही, तरी काही घोड्यांचं लंगडणं कमी झालं. आज भरवसा ठेवावा तो आधी नालबंदावरच.

शर्यतीच्या घोड्याला तर जपूनच. अंश लघवीत कित्येक आठवडे सापडतात, तबेल्याच्या भिंतींवरही टिकतात. त्या चाटून दुसराच घोडा चाचणीत अडकू शकतो.