नाव खोडलं म्हणजे ओळख पुसली का?

माझ्या प्रबंधात महाड-पोलादपूरमधल्या दरडबळींचा एक तक्ता होता. रकाने चार: वाडी, वय, लिंग, व्यवसाय. नावांचा रकाना आधीच काढून टाकला होता, म्हणून गोपनीयतेचं काम उरकलं असं मी धरून चाललो होतो. मार्गदर्शकांनी तक्ता पाहिला आणि एकच प्रश्न विचारला, "हा कागद त्या वाडीतल्या माणसाला दिला, तर किती ओळी ओळखेल तो?" खरं उत्तर होतं, सगळ्या.

तुमच्यापैकी कुणी आपत्तीवर काम करणार असेल, तर ही चूक आधीच समजून घ्या.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. काहींचे मृतदेह हाती लागलेच नाहीत. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडी इथेही दरडी आल्या. त्याआधी जुलै २००५ मध्ये महाडमधल्या जुई, दासगाव, रोहन आणि कोंडिवते या गावांनी हेच भोगलं होतं. अशा प्रत्येक घटनेनंतर पंचनामे होतात, मृतांच्या आणि वारसांच्या याद्या बनतात, मदतवाटपाची पत्रकं निघतात. आपण संशोधक याच कागदांवर जगतो.

आता आपल्याकडच्या वाड्यांची नावं बघा. तळीयेत गाडली गेली ती कोंढाळकरवाडी. पोलादपुरात सुतारवाडी. कोकणात वाडीच्या नावातच अनेकदा भावकी असते, नाहीतर जात किंवा धंदा. म्हणजे मी नाव खोडलं, पण वाडी ठेवली, तर आडनावाचा अंदाज मीच वाचकाच्या हातात दिला.

लातान्या स्वीनी या अमेरिकी संशोधिकेने दाखवून दिलं की पिनकोडसारखा टपाल क्रमांक, जन्मतारीख आणि लिंग एवढ्या तीनच गोष्टींवरून तिथली सुमारे ८७ टक्के माणसं एकमेव म्हणून ओळखू येण्याची शक्यता आहे. यातून पुढे आलेली कसोटी म्हणजे के-ॲनॉनिमिटी. अर्थ साधा आहे: ओळख देऊ शकणारे रकाने एकत्र वाचल्यावर प्रत्येक ओळ किमान 'के' माणसांना लागू पडली पाहिजे. के पाच ठरवला, तर त्या वर्णनाची निदान पाच माणसं नोंदीत हवीत. शहराच्या आकडेवारीत हे जमून जातं. मूठभर घरांच्या वाडीत "स्त्री, ३४, अंगणवाडी सेविका" ही एकच असते.

"पण माणूस गेला, आता कसली गोपनीयता?" हा प्रश्न मलाही पडला होता. त्रास मागे राहिलेल्यांना होतो. एक काल्पनिक ओळ घ्या: "आई, वडील, भाऊ मृत, मुलगी, वय १५, हयात." २०२१ मध्ये राज्य सरकारने प्रत्येक मृतामागे ५ लाख रुपये जाहीर केले, पंतप्रधान निधीतून २ लाख. हे आकडे सगळ्यांना माहीत. मग त्या मुलीच्या नावावर किती पैसे आले असतील, याचा गुणाकार कुणीही करू शकतो. माझ्या तक्त्यात रकमेचा रकानाच नव्हता, तरी रक्कम त्यातून निघत होती.

मग सगळंच झाकायचं का? तेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल वाहून गेला. दोन एसटी बस पाण्यात गेल्या. गाड्यांत कोण होतं हे घरच्यांना कळण्यासाठी तेव्हा नावं जाहीर होणं गरजेचंच होतं. मदतीची यादीही गावाला बघता आली पाहिजे, नाहीतर कोण सुटलं आणि कोण घुसवलं गेलं हे कळणार कसं? माहिती अधिकार कायदा २००५ त्याचसाठी आहे. पण शोधमोहिमेच्या यादीचं काम वेगळं, मदतीच्या यादीचं वेगळं, माझ्या प्रबंधाचं वेगळं. यादी एकदा चावडीवर लागली म्हणून ती माझ्या परिशिष्टात कायमची लावायचा हक्क मला मिळत नाही. २०२३ चा डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा संशोधनाला काही अटींवर सूट देतो. ती सूट मिळाली म्हणून आपली जबाबदारी संपत नाही.

शेवटी मी काय केलं, ते सांगतो.

आधी प्रत्येक रकान्याला विचारलं, "तू माझ्या प्रश्नाला लागतोस का?" माझा प्रश्न होता इशारा आणि स्थलांतराचा. त्याला व्यवसाय लागत नव्हता, काढला. नेमक्या वयाऐवजी तीन गट केले: १८ च्या आतले, १८ ते ५९, ६० च्या पुढचे. वाडीऐवजी तालुका लिहिला. तरीही जिथे पाचपेक्षा कमी माणसं उरली, तो आकडा छापला नाही.

इथे एक खाच आहे. समजा एकूण १२ छापले आणि बाकीच्या गटांचे मिळून ११ दाखवले, तर झाकलेला आकडा वजाबाकीने लगेच बाहेर येतो. म्हणून एक आकडा झाकला की त्याच ओळीतला आणि रकान्यातला आणखी एकेक झाकावा लागतो. नावं आणि सांकेतिक क्रमांक जोडणारी फाईल वेगळी, पासवर्डखाली ठेवली.

याची किंमत मोजावी लागली. कोणत्या वाडीत म्हातारी माणसं जास्त दगावली, हे मला आता तक्त्यात दाखवता येत नाही. तो मुद्दा मी दोन्ही तालुक्यांचा मिळून मांडला. थोडा बोथट झाला, पण खोटा झाला नाही.

तुमचा तक्ता तयार झाला की मार्गदर्शकांकडे नेण्याआधी त्याच गावचे होऊन एकदा वाचा. एखाद्या ओळीवर बोट थांबून "अरे, ही तर आपली..." असं तोंडून निघालं, तर त्या तक्त्याचं काम अजून बाकी आहे.